शेजारची सीट

४ ऑक्टोबर, शनिवार

गाडी घरी आली. म्हणजे मीच आणली. हे लिहितानाही हसू येतंय, आणि मी उगाच हसणारी बाई नाही. वसतिगृहातल्या कुठल्याही मुलीला विचारा.

वॉर्डनच्या नोकरीतून निवृत्त होऊन धाकट्या बहिणीकडे राहायला आले त्याला महिनाही झाला नाही. तिला आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी पलीकडच्या शहरात न्यावं लागतं. टॅक्सीवाले कधी येतात, कधी येत नाहीत, आले तर तोंड वाकडं करून येतात. तेव्हा आपली गाडी हवी, हे मी आल्या दिवशीच ठरवलं होतं. आज गल्लीच्या टोकाच्या मेकॅनिकला पारख करायला बरोबर घेतलं आणि एक छोटी, पांढरी, शहाणी गाडी बघायला गेले. ती आधीच विकली गेली होती. मालकाने तिच्या मागे उभी असलेली दाखवली. गडद हिरवी, चार दरवाजांची, पण अंगाने अशी चपळ की उभी असतानाही निघाल्यासारखी वाटावी. माझ्या कॉलेजच्या दिवसांत अशी एखादी गाडी रस्त्याने गेली की सगळ्यांच्या माना वळायच्या. मी माझी वळू द्यायची नाही. आज वळू दिली.

चार लाख किलोमीटरच्या वर पळालेली. मेकॅनिक बॉनेटखाली डोकं घालून बराच वेळ खुडबुड करत होता. मग म्हणाला, बाई, एवढी पळालेली गाडी दमलेली असते, ही तर कालच कारखान्यातून आल्यासारखी आहे.

मालक ऐंशीच्या घरातला, पण छडीसारखा ताठ. चालवून बघायला निघालो तर मेकॅनिकला माझ्या शेजारी बसवून स्वतः मागे जाऊन साहेबासारखा बसला. मी काय त्याची ड्रायव्हर? पण स्टीअरिंग हातात आलं आणि राग कुठल्या कुठे गेला. निघताना तो म्हणाला की ही एकटीने चालवू नका, शेजारी कुणीतरी असू द्या. मी सांगितलं की मला सोबत लागत नाही.

येतानाही मेकॅनिक शेजारी होता. शहर सुटायच्या आत मान टाकून घोरायला लागला. मी मात्र इतकी वाट चालवून उतरले तर पाठ धरली नव्हती, गुडघे कुरकुरत नव्हते. त्याला हलवून उठवलं. चेहरा राखेसारखा, भिंतीला धरत घरी गेला. काल काय ढोसलं होतं कोण जाणे.

धाकटी फाटकातच उभी होती. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली की ताई, तुला वेड लागलंय, आणि मला चालवायला कधी देतेस? तिची बेकरी होती तोवर पावाची व्हॅन तीच हाकायची. आजारपणापासून चाकाला हात नाही. मी म्हटलं, आधी धड बरी हो.

६ ऑक्टोबर, सोमवार

पहिली फेरी झाली. धाकटीला मागे आडवं व्हायचं होतं. मी साफ नाही म्हटलं. आडवं होत गेलं की माणूस आजारी होत जातं. डोकं दुखतंय म्हणून पांघरूण ओढणाऱ्या किती मुलींना मी उठवून बसवलंय. पुढे बस, पाठ सरळ ठेव, रस्ता बघ. ती म्हणाली, हो मॅडम, घंटा झाली की सांगा.

पण जाताना झोपली आणि येतानाही झोपली. घरी आल्यावर पायरीवरच बसून राहिली. डायलिसिसने थकवा येतो हे मला माहीत आहे. तरी जाताना कशाचा थकवा?

माझं मात्र उलट आहे. घरात मी दमलेलीच असते. स्वयंपाक, कपडे, तिच्या पथ्याचं मोजूनमापून पाणी, आणि त्यामागे नोकरीभर साचलेला शीण. दार लावून स्टीअरिंगवर हात ठेवला की खांद्यावरून कुणी ओझं उतरवून घ्यावं तसं होतं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

झोप येत नाही. दमलेली असते, अंथरुणावर पडते, डोळे मिटत नाहीत. गाडीत बसलं की त्याचंही काही वाटत नाही.

धाकटी आज विचारत होती की त्या सीटला आधीच कुणाचा खड्डा पडलाय का. म्हणाली, मी बसत नाही ताई, मी त्यात पडते. मी हात फिरवून पाहिला. चामडं कुठेही दबलेलं नाही. तिची डावी पोटरी दुखते आहे, दिवसभर क्लच दाबल्यासारखी. मी म्हटलं, क्लच मी दाबते आणि पोटरी तुझी दुखते, बरी वाटणी आहे. दोघी हसलो.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

दवाखान्यातल्या सिस्टरने मला बाजूला घेतलं. रिपोर्ट वाईट नाहीत, म्हणाली, पण तुमची बहीण रात्रभर पोती उचलून आल्यासारखी येते. घरी काम करायला लावता का? मी चांगलंच सुनावलं तिला.

परत येताना धाकटीकडे पाहत होते. तोंड उघडं, ओठ कोरडे. कारखान्याच्या चढावर मी गाडी जोरात काढली, इतकं हलकं वाटत होतं, आणि त्याच क्षणी ती झोपेत कण्हली. वेग कमी केला. कण्हणं थांबलं. पुन्हा वाढवला.

पुन्हा वाढवून पाहायला नको होता.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज दवाखाना नव्हता. मीच म्हटलं, चल, जरा चक्कर मारून येऊ, हवा लागेल तुला. ती नको म्हणत होती. मी तिची चप्पल आणून समोर ठेवली.

इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही. हवा तिच्यासाठी नव्हती.

येताना तिला उचलून आत आणावं लागलं. किती हलकी झाली आहे.

२० ऑक्टोबर, सोमवार

मेकॅनिकला विचारलं की त्या दिवशी प्यायला होतास का. तो म्हणाला, बाई, मी चहाशिवाय काही घेत नाही. दोन दिवस पडून होता म्हणे. गाडीखाली झोपून काम करीन, पण शेजारी बसणार नाही, असं हसत म्हणाला. डोळे हसत नव्हते.

धाकटीला मुद्दाम टॅक्सीने नेलं. टॅक्सीत ती सगळी वाट बडबडत होती.

मग जुन्या मालकाला फोन केला. शेजारी कोण बसतं, हे त्यानेच आधी विचारलं. बहीण, म्हटलं. त्याने विचारलं की तुमची तब्येत छान आहे ना? त्याची बायको वर्षानुवर्षं शेजारी बसली. आजार काही नव्हता, डॉक्टर म्हणाले, बाई झिजली. ती गेल्यावर तिच्या जागी मेहुणी बसायची. आता घरातलं कुणी बसायला तयार नाही, म्हणून विकली. मी विचारलं, कळत असून चालवत राहिलात? म्हणाला, मॅडम, तुम्हाला कधी कळलं, आणि त्यानंतर किती वेळा चालवलीत?

शेजारची सीट रिकामी ठेवली तर काय होतं, एवढंच मी विचारलं. तुम्ही दिलेला शीण गाडी तुम्हालाच परत करते, म्हणाला, आणि फोन ठेवला.

२२ ऑक्टोबर, बुधवार

टॅक्सी आलीच नाही. धाकटीला मागच्या सीटवर आडवं केलं. म्हाताराही मागेच बसला होता, त्याला काही झालं नव्हतं. आणि माझं मी बघून घेईन, असं मला वाटलं.

पूल ओलांडेपर्यंत ठीक होतं. मग मानेवर कुणी ओलं ब्लँकेट टाकल्यासारखं झालं. इतके दिवस न आलेली सगळी झोप एकदम. आणि फक्त माझी नाही. हे गुडघे माझे नव्हेत, ही कंबर कुठल्या तरी दुसऱ्या बाईची —

ट्रकच्या हॉर्नने डोळे उघडले. पुढची दोन्ही चाकं रस्त्याच्या बाहेर होती. धाकटी मागून ओरडत होती, ताई, ताई. ट्रकवाल्याने गाडी दवाखान्यापर्यंत ओढून नेली, शिव्या घालत. त्याचं बरोबरच होतं.

परत टॅक्सीने आलो. मेकॅनिकने ती ओढून आणून फाटकासमोर ठेवली आहे.

२५ ऑक्टोबर, शनिवार

अंग उचलत नाही. कढई दोन हातांनी धरावी लागते. धाकटी तीन दिवसांत तरतरीत झाली. चहा तिने केला, माझ्या पायांना तेल तिने लावलं. म्हणते, आता मी वॉर्डन. उठायचं नाही.

तिला सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. म्हणाली, मला वाटायचं मी मरतेय, म्हणून बोलले नाही.

गाडी भंगारात द्यायची. मेकॅनिक मंगळवारी नेणार आहे.

२७ ऑक्टोबर, सोमवार

वाहतूकदारांचा संप. टॅक्सी नाही, बस नाही. डायलिसिस चुकलं. दवाखाना म्हणतो रुग्णवाहिका पाठवू. संध्याकाळ झाली. नाही आली.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

संप चालूच. मेकॅनिकचं गॅरेज बंद, तो गावाला. धाकटीचे पाय सुजून चकचकीत झालेत. आडवी झाली की श्वास लागतो. रुग्णवाहिकेचा फोन सारखा व्यस्त. शेजारी सगळ्यांना विचारून झालं.

फाटकासमोर ती उभी आहे. पुसल्यासारखी स्वच्छ.

२९ ऑक्टोबर, बुधवार. सकाळ

ठरलं. मी चालवायची नाही. धाकटी चालवेल. शेजारी मी.

ती नको म्हणत होती. मी म्हटलं, जो चालवतो त्याला बळ येतं, तुला तेच हवंय. मी धट्टीकट्टी आहे, अर्धा तास सहज काढीन. व्हॅन चालवायचीस ना? मग चल. दवाखान्यात पोचलीस की उतर आणि किल्ली सिस्टरला दे. मला कुणीतरी उचलतील.

तिने माझा हात धरला. म्हणाली, ताई, झोपू नकोस हं.

गाडीत

जागं राहायला लिहिते आहे. वही मांडीवर. खरंच खड्डा आहे. हाताला लागत नाही, पण आहे. बरोबर माणसाएवढा.

पूल गेला. धाकटीच्या गालांवर रंग आलाय. श्वास लागत नाही. गिअर कसे सफाईने टाकते. गुणगुणते आहे.

पोटरी दुखते. पाय पेडलवर नाही आणि दुखते — खूप बायका आहेत यात — सगळ्या बसलेल्या, सगळ्यांना झोप —

पेन पडलं होतं. उचललं. फार वेळ लागला.

चढ आला. जोरात काढली तिने. हळू म्हटलं. ऐकू नाही गेलं बहुतेक.

दवाखान्याचं फाटक. दिसलं. संपलं एकदाचं —

वळली नाही.

फाटक मागे गेलं. म्हटलं, धाकटे, वळव. आवाज — ती हसली. म्हणाली, ताई, किती वर्षांनी गं असं वाटतंय. थोडं पुढे जाऊ. मग वळू.

तिला कळत नाही — पाय सुजलेलेच आहेत — सगळं विष तसंच आत, फक्त बरं वाटतंय —

म्हणते तू पड जरा, मी आहे ना

हँडब्रेक आमच्या मध्येच आहे. एक वीत. हात उचलला की — उचलते आहे — बोटं पोचली — ओढायला फक्त