राक्षसाला फक्त बूट दिसायचे

प्रिय ठमे,

तुझ्या कंपनीचा कागद मिळाला. जुना सिनेमा तू नव्याने करते आहेस आणि त्यातला राक्षस तुझ्या बाबांनी घडवलेला, म्हणून माझी सही हवी, एवढं समजलं. सोबतची संहिताही वाचली. दोनदा, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला काय कळणार, असं तुझ्या लेखकाला वाटत असेल तर त्याला सांग, पान बावन्नवर मुलीच्या अंगात स्वेटर आहे आणि पान त्रेपन्नवर तोच स्वेटर ती घरी विसरून आली आहे.

आता शेवटाबद्दल. मुलगी राक्षसाला पेटवून देते आणि मागे वळूनही बघत नाही. फोनवर तू म्हणालीस, आई, लोकांना हल्ली राक्षस मेलेला बघायचा असतो. लोकांचं मला सांगू नकोस. ते कशाला घाबरायचे हे मी थिएटरात त्यांच्याच शेजारी बसून पाहिलं आहे. राक्षस मुलीला बोटाला धरून काळ्या जंगलात नेतो, तिथे चांगली मिशीवाली माणसं डोळे मिटून घ्यायची.

जुन्या सिनेमातली ती मुलगी तू होतीस आणि राक्षसाच्या आत बाबा. पण तेव्हा तू सहा वर्षांची, त्यामुळे खरी गोष्ट तुला आठवत नसेल. पोशाख मी शिवला होता. तीन जुन्या घोंगड्या, आतून पोत्याचं अस्तर, केसांना दोरखंड, आणि बटणं सगळी पाठीवर. आत गेलेला माणूस मी सोडवल्याशिवाय बाहेर येणं शक्य नाही. बाबा म्हणायचे, लग्नातही मला असंच फसवलंस. माप मात्र चुकलं. ते ताठ उभे असताना मी डोळ्यांची भोकं कापली, आणि राक्षस तर पाठीत वाकून चालतो. वाकले की त्यांना समोरचं काही दिसेना. दिसायची फक्त जमीन आणि तुझे लाल बूट. दिग्दर्शक माझ्यावर खेकसला. दुसरा पोशाख करायला वेळ नव्हता. मग तूच त्यांचं बोट धरलंस आणि म्हणालीस, बाबा, माझ्या बुटांच्या मागे या. सगळ्यांना वाटलं राक्षस मुलीला घेऊन चालला आहे. नेत होतीस तू.

शेवटच्या वर्षी त्यांची पाठ तशीच वाकली. मान वर उचलवेना, बोलायला गेले की घशातून घरघर यायची, शेजारची पोरं त्यांना बघून जिन्यातून परत फिरायची. तू आलीस, दारातच थांबलीस. ते हात पुढे करून तुझ्याकडे सरकले आणि तू एक पाऊल मागे गेलीस. पाच मिनिटांत गाडीत होतीस. त्यावरून मी तुला कधी बोलले नाही, आजही बोलणार नाही. भीती वाटते माणसाला. पण बाबांनी तुला ओळखलंच नाही, असं तू मावशीला सांगितलंस, ते मी चालू देणार नाही. तू गेल्यावर बराच वेळ लावून ते एवढंच म्हणाले, ठमीनं नवे बूट घेतलेत. चावत असतील, म्हणून मागे सरली.

तेव्हा ऐक. कागद सही न करता परत पाठवते आहे. मारायला राक्षस हवा असेल तर दुसरा बनव, संगणकावर म्हणे हवे तेवढे होतात. हा आमच्या घरातला आहे. त्याला मी एकदा निरोप दिला, तुझ्या कॅमेऱ्यापुढे पुन्हा जाळू देणार नाही. हाच हवा असेल तर शेवट बदल. पोशाख माळ्यावरून काढला आहे. कसर लागलेली बाही नवी जोडली, खांदे माझ्या मापाने आत घेतले. आत मी जाईन. एकाहत्तराव्या वर्षी मला वाकायला कुणी शिकवायला नको. डोळ्यांची भोकं मात्र होती तिथेच ठेवली आहेत, त्यामुळे मला समोरचं काही दिसणार नाही. पाठीची बटणं लावायला आणि बोट धरायला तू ये. त्या दिवशीचे, ते नवे बूट घालून ये.

तुझीच, पण स्वतःच्या मताची,
आई