सुनेला दाखवायला आणलंय

४ फेब्रुवारी, सकाळ
दुखते कंबर, आणि हा डॉक्टर मला पाठवतो मनाच्या डॉक्टरकडे! फी घेताना बरी कंबर दिसली. म्हणे, आजी, हे ऑपरेशनने सुटणारं नाही, दुखण्यासोबत राहायला शिका. म्हटलं, नवऱ्यासोबत उभा जन्म काढला, आता मला कसली शिकवणी लावता? सून हसली. मी जाणार नाही. ठरलं.

६ फेब्रुवारी
गेले. सुनेचं मन मोडवेना म्हणून. ती घरातच पाळणाघर चालवते, आज माझ्यासाठी बंद ठेवलं. ती नंबर लावायला गेली आणि बाकावर नेमकी आमच्या समोरच्या दारातली बाई भेटली. तिला मी रेडिओ म्हणते. तिने विचारायच्या आत सांगून टाकलं, मी ठणठणीत आहे, सुनेला दाखवायला आणलंय, हल्ली तिचं डोकं ठिकाणावर नसतं. काय सुचलं ऐन वेळी! एवढं डोकं चालतं, मला कशाला मनाचा डॉक्टर?
आतली डॉक्टर म्हणजे पोरगीच. म्हणाली, आजी, तुमचं दुखणं खरं आहे. डोळ्यांत पाणी आलं. पंख्याचा वारा असेल. मग विचारलं, दुखायला लागलं की काय करता? म्हटलं, काही नाही. सून मध्येच म्हणाली, ओरडतात. मी तिच्यावर ओरडले.

१३ फेब्रुवारी
रोज थोडं चालायचं आणि सावकाश श्वास घ्यायचा, असं शिकवलंय. चालणं उद्यापासून. श्वास चालूच आहे.

१९ फेब्रुवारी
घर शांत. पाळणाघरातली जुळी आली नाहीत, तो चावरा पोरगा पण नाही. सर्दीबिर्दी असेल. बरंच झालं, कंबरेला आराम.

२३ फेब्रुवारी, दुपार
आज एकही मूल नाही. एका आईने फोनवर सांगितलं म्हणे, ताई, आधी तुम्ही बऱ्या व्हा, मग बघू. सून मला विचारते, आई, मला काय झालंय हो? म्हटलं, लोकांना उद्योग नाहीत. ती रिकामे पाळणे पुसत बसली. मी भिंतीकडे तोंड करून पडले. त्या कुशीवर कमी दुखतं.

२६ फेब्रुवारी
पोरगी डॉक्टरला सगळं सांगितलं, रेडिओला मारलेली थापही. सून बाहेर बसली होती. वाटलं, ही तरी रागावेल. तिने विचारलं, दुखतं हे सांगायची एवढी लाज का? म्हटलं, कंबर दुखते त्याची लाज नाही, इथे यावं लागतं त्याची आहे. शेवटी ती म्हणाली, हे सुनेला तुम्हीच सांगायला हवं. एवढी शिकलेली, आणि काम माझ्याच गळ्यात.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळ
सांगितलं. भांडली असती तर बरं, भांडण मला जमतं. ती नुसती म्हणाली, आई, वाढू का जेवायला? मला मान वर करवली नाही. मुलांच्या आयांना मीच उद्या बोलावलंय. दारात ताठ उभी राहून सांगणार.

२८ फेब्रुवारी, सकाळ
जिन्यात आयांचे आवाज येताहेत. आणि मला पलंगावरून उठता येत नाही. कंबर पार धरली. सुनेला बजावलंय: दार उघड, सगळ्यांना इथे माझ्या उशाशी आण, आणि तू तोंड उघडायचं नाही. काय विचारायचं ते विचारू देत. उत्तर मी देणार.