आत उघडणारं दार

१ सप्टेंबर १९७५, सोमवार. कुपवाड

आलो बुवा एकदाचा! वाईहून सकाळची एसटी, साताऱ्याला गाडी बदलली, कराडला चहा, इस्लामपूरला पुन्हा चहा. सांगली स्टँडवर उतरलो तेव्हा ट्रंकेचा कडी-कोयंडा तुटलेला आणि मी धुळीनं माखलेला. गिरणीचा माणूस सायकल घेऊन न्यायला आला होता. ट्रंक कॅरिअरवर, आम्ही दोघं पायी. पण मन कसं हलकं होतं! नागपूरला आगीचं शास्त्र शिकलो तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला होता. आता पत्रावर लिहिता येईल: चिंतामण, अग्निसुरक्षा अधिकारी, सूतगिरणी. विमा कंपनीनं हट्ट धरला म्हणून हे पद निर्माण झालं म्हणे. असेना.

गिरणीचे मालक नानासो फार लाघवी माणूस. टॉवेल, टोपी, नारळ देऊन सत्कारच केला. म्हणाले, गिरणी नवी कोरी आहे, चार वर्षांपूर्वी मोकळ्या माळावर बांधली, आजवर ठिणगी पडलेली नाही. मी म्हटलं, मग माझं काम सोपं. दोघंही हसलो.

३ सप्टेंबर, बुधवार

सगळी गिरणी मोजून काढली. वाळूच्या लाल बादल्या बावीस, पैकी वाळू असलेल्या सहा. बाकीची वाळू बायकांनी जेवणाचे डबे घासायला नेली. लय झ्याक निघतंय म्हणे तेलकट! मी चिडलो, त्या खिदळल्या. पाण्याचा पंप चांगला आहे, होजपाइपही नवे आहेत.

सर्वांत जास्त खटकलं ते रिळिंग खातं. तिथं सुताच्या लड्या बांधतात. एकेचाळीस बायका, चाळीस रिळं, आणि एकच दार. मागचं दार कापसाच्या गोदामात उघडतं, म्हणजे आगीच्या वेळी ते नसल्यातच जमा. खिडक्या वर, दोन पुरुष उंचीवर. सुतात दमटपणा टिकावा म्हणून दार दिवसभर लावलेलं. तुळयांवर, दिव्यांवर, भिंतींवर उडालेल्या कापसाची बोटभर लव बसलेली. अशी लव जळत नाही, तिच्यावरून आग पळते. या टोकापासून त्या टोकाला जायला तिला पाच-सात सेकंद पुरतात.

आणि ते एकुलतं एक दार आत उघडतं.

दार आत उघडत असलं की घाबरलेली माणसं त्याला येऊन भिडतात, मागचे पुढच्यांना दाबतात, आणि दार ओढायला दोन फूट जागा उरत नाही. कडी नसते, कुलूप नसतं, तरी दार उघडत नाही. ज्या दारातून लोकांनी पळायचं ते बाहेर उघडलं पाहिजे, हा आमच्या अभ्यासातला अगदी पहिल्या महिन्याचा धडा. बिजागऱ्या फिरवायच्या, चौकट थोडी तासायची. एका दिवसाचं काम.

८ सप्टेंबर, सोमवार

एका दिवसाचं काम होय! पाच दिवस झाले, नानासो ऐकायला तयार नाहीत. दार बाहेर उघडलं की आलेली लक्ष्मी बाहेर ढकलली जाते. घराचं काय, देवळाचं काय, कुठलंही दार आतच उघडतं, असं ते अगदी प्रेमानं समजावतात आणि वर चहा पाजतात. मी बिजागरीबद्दल बोलतो, ते लक्ष्मीबद्दल. आमच्या सुतारानं, अर्जुनानं, तर कानालाच हात लावला. म्हणाला, "आवं सायेब, ह्ये पाप माज्या हातनं नगं."

बायकांची मुकादम मनुबाई. तिचा नवरा मिलिटरीत, जम्मूकडे. उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं. रिळात गेलं, असं ती भाजी चिरताना कापलं इतक्या सहज सांगते. आज मला म्हणाली, "तुमच्या पायगुणानं आग लागाय नगं म्हंजी झालं!" चाळीसजणी फिदीफिदी हसल्या. मलाही हसू आलं. चांगल्या आहेत बिचाऱ्या. यांच्यातली एकही त्या दाराशी मरता कामा नये, एवढंच माझं इथलं काम, बाकी सगळं कागदी.

१५ सप्टेंबर, सोमवार

पहिली कवायत. घंटा झाली की काम टाकायचं आणि बाहेर पडायचं. वीस इंच रुंदीतून मिनिटाला चाळीस माणसं निघतात. आमचं दार चाळीस इंची, म्हणजे एकेचाळीस बायकांना अर्धं मिनिट पुष्कळ झालं. लागली चार मिनिटं! कुणी चप्पल शोधतेय, कुणी डबा. धोंडुबाई सगळ्यांत वयस्कर, ती तर तपकीर ओढून मग उठली. मी घसा फुटेपर्यंत ओरडलो. दाराला विटेची अडण लावून ते उघडं ठेवलं होतं म्हणून निभावलं.

ठरवलं. दार बदलेपर्यंत निदान बायकांचे पाय तरी तयार करायचे. घंटा झाली की ओरडायचं नाही, मागं बघायचं नाही, रांगेनं थेट दार गाठायचं. रोज दुपारी, जेवणाआधी.

२२ सप्टेंबर, सोमवार

बावन्न सेकंद! मी टाळ्या वाजवल्या. धोंडुबाई पहिली बाहेर, पदर खोचून. सगळ्या एकेचाळीस अंगणात उभ्या. मी मोजल्या, मनुबाईनं मोजल्या. मग मी वीट काढली, दार आपसूक लागलं, आणि माझी वही आत राहिली म्हणून ढकलायला गेलो.

दार उघडेना.

आत कडी नाहीच. लाकूड फुगलं असेल म्हणून खांदा लावला. थोडं आत गेलं आणि परत आलं. अडकलेलं दार कसं, अडतं आणि तिथंच राहतं. हे मऊ होतं. पलीकडून कुणी अंग टेकवल्यासारखं, एकानं नव्हे, खूपजणांनी. अर्जुनासकट चौघांनी जोर लावला तेव्हा ते हळूहळू सरकलं, धान्याच्या पोत्यांची थप्पी सरकावी तसं. आत कुणी नव्हतं. रिळं थांबलेली. दाराजवळची फरशी मात्र हाताला ऊन लागली.

बायका म्हणाल्या, वारं. वारं वर्ज्य करूनच तर त्या खात्यात काम करतात.

२५ सप्टेंबर, गुरुवार

तीन दिवस, तीन कवायती. तिन्ही वेळा तेच. रिकाम्या खात्याचं दार, आणि आतून रेटा. आज कान लावला. आवाज नाही, फक्त लाकूड बारीक करकरत होतं.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नाही, पण घाबरलोय हे इथं लिहायला लाज कसली? सगळीकडे विचारत फिरलो. इथं पूर्वी कधी आग लागली होती का? बांधताना कुणी दगावलं? जागेवर मसणवट होती? नानासो, अर्जुना, शेजारचे शेतकरी, सगळ्यांचं उत्तर एक. काही नाही. माळ होता, शेरडं चरायची. या जागेवर आजवर कुणी मेलेलं नाही.

आधी बरं वाटलं. मग जेवता जेवता घास हातातच राहिला. मागं काही घडलेलं नाही, तर मग दाराला रेटतंय ते कोण?

३० सप्टेंबर, मंगळवार

आज पाहिलं. लिहितो. लिहिलं की कदाचित—

कवायत संपली. बायका अंगणात डबे सोडत होत्या. दार लागलेलं. मी वाकून उंबऱ्याच्या फटीतून बघत होतो. भर दुपारचं ऊन, नीट दिसत होतं. फटीतून बोटं बाहेर आली. काळवंडलेली. खूप बोटं, एकमेकांवर चढलेली, हवा शोधत असल्यासारखी. त्यांत एक हात उजवा, मधलं बोट अर्धं.

मी मागं वळलो. मनुबाई माझ्यामागं चार हातांवर भाकरी मोडत बसली होती. म्हणाली, "काय सायेब, उंदीर हाय व्हय?"

पुन्हा पाहिलं तर नुसती फट.

म्हणजे हे मागचं नाही. हे पुढचं आहे. ह्या बाया अजून मरायच्या आहेत, आणि मरताना जिथं असतील तिथं त्या आधीच—

नाही. दार फिरवलं की संपलं. दार फिरवायलाच हवं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

नानासोंपुढं रडलो. खरोखर रडलो, बत्तीस वर्षांचा माणूस. राजीनामा टेबलावर ठेवला, विमा कंपनीला लिहीन म्हणालो. ते घाबरले. पाठीवर हात फिरवून म्हणाले, साहेब, तुमच्यासाठी फिरवू दार. पण मुहूर्तावर. दसऱ्याला सकाळी अर्जुना हात घालेल. चांगल्या दिवशी केलं की लक्ष्मीपण रागावणार नाही.

दसरा चौदाला. सात दिवस. मी हो म्हणालो. काय करणार?

१० ऑक्टोबर, शुक्रवार

कवायती बंद केल्या. बायकांना वाटलं, मी रुसलो. दार आता कवायतीशिवायही रेटतं. जेवणाच्या सुट्टीत खातं रिकामं झालं की. काल सहाजण लागले उघडायला. अर्जुना आता माझ्याकडे बघत नाही. त्यालाही कळलंय बहुतेक.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज डोक्यात लख्ख उजेड पडला.

मी त्यांना शिकवलं काय? थेट दार गाठायचं. मागं बघायचं नाही. एकेचाळीसजणी, मिनिटाच्या आत, दाराशी. पण दार तर मी विटेनं उघडं ठेवायचो! लागलेल्या दाराशी काय करायचं हे एकदाही शिकवलं नाही. पूर्वी त्या चप्पल शोधत बसल्या असत्या, तपकीर ओढली असती, तोवर पुढची बाई दार ओढून मोकळी झाली असती. आता सगळ्या एकदम येणार. मीच तयार केले ते पाय.

धावत वस्तीवर गेलो. घरोघर सांगितलं, आग लागली तर पळू नका, दारापासून मागं सरा. मनुबाई माझ्याकडे बघतच राहिली. "आवं, काल पळा म्हनत हुता, आज पळू नका म्हंता. आमी बायकांनी करावं तरी काय?" मग तिला माझी दया आली. पाणी दिलं. डोकं दुखतंय का म्हणाली.

गिरणीत आलो तर खंडेनवमीची तयारी. सगळी हत्यारं, यंत्रं धुऊन-पुसून ठेवलेली. आता ती परवापर्यंत कुणी हातात घेणार नाही. अर्जुनाची पेटीही पाटावर गेली.

१३ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी नऊ

खंडेनवमी. पंपाला झेंडूचा हार, हळदीकुंकू. आज चालवायचा नाही. होजपाइपांची वेटोळी करून त्यांवर आपट्याची पानं.

पूजा रिळिंग खात्यातच मांडली आहे. सर्वांत मोठी जागा म्हणून. समई, धूप, कापूर, आणि वर तुळयांवर ती लव. मी पाटावरचा पेचकस उचलला. बिजागऱ्याच काढतो, दारच नको, असं म्हणालो. चौघांनी हात धरले. अर्जुना रडत होता. "सायेब, आज न्हाई. उद्या मी सोता काडतो. आज हत्याराला हात लावाय नगं." नानासोंनी हात जोडले. एक दिवस, म्हणाले. फक्त एक दिवस.

दार ढकलून पाहिलं. एका बोटानं उघडलं. रेटा नाही. आनंद व्हायला हवा होता. पण आज रेटायला खऱ्याच आल्या आहेत, बाहेर अंगणात उभ्या, नव्या लुगड्यांत, पोरंबाळं घेऊन.

अकरा वाजून दहा

मोजले. खात्यात एकशे बारा. पोरांसकट.

मी आतून दाराशीच बसलोय, चौकटीला पाठ टेकून. वेळ आली तर मीच उठून ओढीन. वीट अडकवली आहे. हातात वही, म्हणजे लोकांना वाटावं साहेब शांत आहेत.

समई वाऱ्यानं विझली. पुन्हा लावली. पुन्हा विझली. पूजेत दिवा विझणं बरं नव्हे. नानासो म्हणाले, दार लावा रे.

मी नाही म्हणालो. कुणी ऐकलं नाही. वीट काढली. दार लागलं, मी सरकून त्यालाच पाठ लावून बसलो.

अकरा वाजून वीस

आरती. सगळे उभे. कापराचं ताट फिरतंय. धूर वर जाऊन अडकलाय, खाली येत नाही अजून. पोरं पुढं ढकलताहेत. मनुबाई हसून मला खुणावतेय, या की पुढं. मी नाही जाणार. इथून हलणार नाही.

ताट उंच धरलं. फार उंच—

लव. टांगत्या दिव्यावरची. तिथून तुळईवर निळी रेघ. पळाली. या टोकापासून त्या टोकाला, मी म्हणालो होतो तशीच—

मी ओरडतोय. मागं सरा. मागं—

कुणी किंचाळत नाहीये. धोंडुबाईनं पदर खोचला. तिच्यामागं मनुबाई. रांगेनं. मागं न बघता. अगदी शिकवलं तशा, थेट दाराकडे, माझ्या अंगाव—