ब्रेकमधला दोष

१७ ऑक्टोबर २००७, सकाळी ७
आजपासून रोज लिहायचं. फक्त गाडीबद्दल. परवाच्या अपघाताचं टेक्निकल कारण महिन्याभरात शोधून काढणार. हेडमास्तर आहे, पद्धतशीर काम करायची सवय आहे.

घटना: शाळेकडे निघालो होतो. साखरशेतच्या वळणावर खड्डे बुजवायला खडी टाकलेली. समोर साखरशेतचाच जिवा, डोक्यावर भाताचा भारा. मी ब्रेक दाबला. पेडल थरथरलं. खालून कुणी पायावर लाथा मारतंय असं वाटलं. गाडी गेली ती गेलीच. जिवाची उजवी नडगी मोडली.

पंचनाम्यात 'ब्रेक फेल' सांगितलं. हवालदारांनी लिहून घेतलं, सहानुभूतीही दाखवली. गाडी ९६ सालची, इम्पोर्टेड, मेहुण्याकडून घेतलेली. दोष एबीएसचाच, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचाच. फक्त सिद्ध करायचं बाकी.

२० ऑक्टोबर
गाडी लाडक्याच्या गॅरेजमध्ये. जव्हारात एबीएस कळणारा तो एकटाच. डॅशबोर्डवर मधूनमधून एबीएसचा पिवळा दिवा लागायचा हे त्याला सांगितलं. त्याने पुढचं चाक उघडलं. सेन्सरवर लाल मातीचा आणि गंजाचा थर. पाहून इतका आनंद झाला की लाडक्याला चहा पाजला, वर वडापाव.

साफ केल्यावर दिवा गेला. घरी येऊन बायकोला, नीताला म्हणालो, बघ, सापडलं. ती म्हणाली, बरं झालं. तोंडावर मात्र बरं झाल्यासारखं काही नव्हतं.

२२ ऑक्टोबर
शाळा. जिवाचं घर शाळेच्या समोर, हे आजवर कधी जाणवलं नव्हतं. तो ओट्यावर बसलेला, प्लास्टरचा पाय उलट्या टोपलीवर. मला पाहून हात वर केला. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, गुरुजीचा बिचाऱ्याचा ब्रेक फेल झाला, तो काय करणार.

खुर्ची फिरवून घेतली. खिडकीतून प्रकाश फार येतो.

२५ ऑक्टोबर
लाडक्याचा फोन. त्याला एक शंका आहे. दिवा लागलेला असला की एबीएस बंद असतं, पण साधा ब्रेक लागतोच. आणि एबीएस बंद असेल तर पेडल थरथरत नाही. त्या दिवशी थरथरलं होतं ना? मी म्हणालो, हो, भयंकर. तो म्हणाला, मग सर, त्या दिवशी एबीएस चालू होतं.

लाडक्या दहावी नापास आहे. नाशिकला स्कॅनरवाल्याकडे जायचं ठरवलं.

२९ ऑक्टोबर
नाशिक. मशीन लावलं. जुन्या बिघाडाचा कोड एकच, सेन्सरचा. पंप ठीक, व्हॉल्व्ह ठीक, ब्रेक ऑइल ठीक. स्कॅनरवाला म्हणाला, गाडी तुमच्या वयाच्या मानाने उत्तम आहे. गाडीच्या वयाच्या, असं म्हणायचं असेल.

मशीनही चुकू शकतं.

२ नोव्हेंबर
उजवा पाय थरथरतो. प्रार्थनेला उभा असताना, दाढी करताना, जेवताना. टाच जमिनीवर दाबून धरली की तळव्याला खालून धक्के बसतात. नीताने पाहिलं. डॉक्टरकडे चला म्हणाली. म्हटलं, ॲसिडिटी आहे.

खिडकी आता बंदच ठेवतो. तरी जिवाने हात वर केला की कळतं.

१३ नोव्हेंबर
दिवाळी झाली. गावातली माणसं वसईकडे वीटभट्टीवर निघाली. जिवाने यंदाची बोली, म्हणजे उचल घेऊन मालकाशी कामाचा करार, आधीच केलेली. तो जाऊ शकत नाही, म्हणून त्याची बायको वेणू गेली. सोबत मुलगी सुनिता. आमच्या पाचवीतली. भागाकार वर्गात सगळ्यात आधी तिचा येतो.

सुट्टी संपल्यावर ती हजेरीत नसेल. स्थलांतर, असा शेरा मारावा लागेल. कारण ब्रेक फेल. हे कारण मी दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. घरात कुणी नव्हतं, तरी मागे वळून बघितलं.

१७ नोव्हेंबर
लाडक्याने शेवटची टेस्ट सुचवली. रिकाम्या मैदानावर खडी पसरली. मी स्टिअरिंगवर, तो शेजारी. वेग तीस. तो ओरडला, दाबा. दाबला. पेडल थरथरलं.

आणि माझा पाय वर आला. मी आणला नाही. आपोआप आला. गाडी थांबत आली होती, ती सुटली आणि खडीच्या ढिगात घुसली.

लाडक्या खाली बघत म्हणाला, सर, थरथर म्हणजे ते काम करतंय. घाबरायचं नाही, दाबून धरायचं. त्या दिवशी पाय काढला होता का?

मी नाही म्हणालो. त्याने परत विचारलं नाही. परत विचारायला हवं होतं.

१८ नोव्हेंबर, दुपारी
साखरशेतला गेलो, जिवाकडे. बोलायचं पाठ करून गेलो होतो. पहिल्याच वाक्याला पाय थरथरायला लागला, ओट्यावर बसलो. म्हणालो, जिवा, ब्रेक फेल नव्हता. पाय मीच काढला.

जिवा म्हणाला, "माना ठाव होता." तो सगळ्यांनाच तू म्हणतो, कलेक्टरलासुद्धा. "मी समोरच होतो ना गुरुजी. गाडी उभी राहात आलेली. मंग परत आली. तुझा तोंड पण दिसला."

विचारलं, मग गावभर ब्रेक फेल का सांगतोस?

"तू सांगितलास म्हणून. माना वाटला, गुरुजी सांगतो तर काही तरी असंल."

मग मी म्हणालो, पोलिसांत जाऊन जबाब बदलतो. भट्टीच्या मालकाशी बोलतो, वेणू आणि सुनिताला परत आणतो. उद्याच गाडी घेऊन वसईला जाऊ, तूही चल.

जिवाने प्लास्टरच्या पायाकडे बघितलं, मग माझ्या पायाकडे. म्हणाला, येतो.

पण गाडीतून नको म्हणाला. यष्टीनं जाऊ.

सकाळी पावणेसातची आहे.