पहिल्या धारेचं रक्त

३ मार्च

मेंढ्या चार, नळ्या चार. मांडीतल्या धमनीचा तुकडा काढून तिथे कृत्रिम नळी. रक्ताला परकं कुणी खपत नाही, लगेच गुठळी करायला धावतं – अगदी माझ्या सासरसारखं. मी रोज मानेत बसवून ठेवलेल्या सुईतून रक्त काढायचं आणि ते गोठायला किती वेळ लागतो ते मोजायचं.

प्रयोग सरांचा, आणि त्यांना घाई. त्यांच्या आईंचा पाय काळा पडत चाललाय, जोडायला स्वतःची धड शीर उरलेली नाही. नळी चालली तर खास परवानगीने पहिली त्यांनाच.

९ मार्च

रक्त गोठायचं नावच घेत नाही. चौघींचंही! "रक्ताला नळी आलेली कळलीच नाही हो, बाई," सर म्हणाले. चक्क बाई. एरवी 'अहो, ते नमुने' हेच माझं नाव.

१० मार्च

परवानगीचा अर्ज गेला. पंधरा तारखेला आईंना नळी. नवरा म्हणतो, "तुझ्या मेंढ्या हुशार निघाल्या." घरात कुणाबद्दल असं म्हणायची पाळी अजून आलेली नाही.

१२ मार्च

दोन नंबरची लंगडतेय. पाय गार, नाडी लागेना. सर म्हणाले, "तुमचं बोट चुकत असेल." बावीस वर्षांत चुकलं नाही ते!

चिडून मानेच्या दुसऱ्या बाजूला ताजी सुई टोचली. रक्त दोन मिनिटांत घट्ट.

मग डोक्यात प्रकाश पडला. बसवलेली सुई तुंबू नये म्हणून तिच्यात रक्त पातळ ठेवणारं औषध भरलेलं असतं. म्हणून पहिल्या धारेचं रक्त फेकायचं. मी फेकत नव्हते. मेंढ्या आधीच अशक्त, त्यांचं रक्त वाया कशाला घालवा – माझा कनवाळूपणा. नऊ दिवस मी ते औषधच मोजत होते. याच चुकीसाठी नवशिक्या पोरींना मी फाडून खाल्लंय.

१३ मार्च

सांगितलं. वाक्य धड जुळलं नाही.  सरांनी फोन करून अर्ज मागे घेतला. आईंना फोन मात्र त्यांनी लावला नाही.

माझी नोकरी जाणार. गेली तर गेली, असं म्हणून बघितलं. जमलं नाही. मला ती हवी आहे.

२० मार्च

आईंचा पाय आज गुडघ्याखाली कापला. सरांचा अहवाल टेबलावर आहे. लिहिलंय, 'सदोष नमुने मी स्वतः घेतले होते.'