शिंक न येणारं कुत्रं

अण्णा, मी घरात कुत्री आणली आहे. पूडल जातीची, चांगली मोठी, जर्दाळूच्या रंगाची. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे वाक्य लिहिताना मी एकदा दाराकडे बघून घेतलं. माझा दमा, शिंका, डोळ्यांचं पाणी, सगळं जिथल्या तिथे आहे. फरक एवढाच की मला कशानं काय होतं हे आता मला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. तेव्हा आधी सगळं ऐकून घ्या. तुम्हाला ती सवय नव्हती, हे माहीत आहे. स्वारगेटहून सुटणाऱ्या गाडीत कंडक्टर बोलतो आणि प्रवासी ऐकतात, घरातही तुम्ही तीच पद्धत ठेवली होतीत.

शाळेतून येताना मी ते तांबूस पिल्लू दप्तरात घालून आणलं होतं, तेव्हा मी दुसरीत होते. ते आपल्या ओट्याखाली राहायचं आणि आई पोळ्या लाटता लाटता पायानंच त्याला थोपटायची. आठवड्याभरात माझी छाती वाजायला लागली. तुम्ही गणवेश चढवून ड्यूटीवर निघाला आहात, पिल्लू तुमच्या काखेत आहे, आणि मी दार अडवून उभी आहे. तुम्ही समजूत काढत नाही. "बाजूला हो, गाडी चुकेल," एवढंच म्हणता. दुसऱ्या दिवशी परत येता, हातपाय धुता आणि सांगता, "मुक्कामाच्या गावात दिलं. ते तिकडे बरं आहे. तू इकडे बरी राहा." त्यानंतर त्या मार्गावर ड्यूटी लागली की तुम्ही जेवताना भिंतीशी बोलल्यासारखी बातमी द्यायचात. आज शेळ्यांच्या मागे पळत होतं. आज विहिरीच्या कठड्यावर झोपलं होतं. मी तोंड फिरवून बसायचे, पण कानांतून एकही शब्द सुटू द्यायचे नाही. फार राग होता माझ्या मनात. कुत्रं आणीन तर ते परत पाठवायची वेळ येणार नाही असंच आणीन, हे मी तेव्हाच ठरवलं होतं, आणि त्या भीतीनंच पन्नाशी उलटेपर्यंत आणलं नाही.

यंदा नोकरी सोडली आणि विषय पुन्हा काढला. जो तो सल्ला द्यायला लागला. अमुक जात आण, तिचे केस गळत नाहीत. तमुक आण, तिची ऍलर्जीच होत नाही. वाघोलीला एक बाई घरामागच्या अंगणात कुत्री पाळतात, तिथे मी आणि हे गेलो. भिंतीवर प्रत्येक जातीची पाटी होती आणि दोन-तीन पाट्यांवर खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, "ऍलर्जीवाल्यांसाठी उत्तम". मी पूडल मांडीवर घेतलं, श्नाउझर घेतलं, शित्झूच्या केसांत नाक खुपसलं. एक शिंक नाही. परत येताना गाडीत माझा आनंद उतू जात होता. मग मी शहाणपणा करून छातीच्या डॉक्टरांकडे गेले, म्हटलं त्यांच्याकडून एकदा शिक्कामोर्तब होऊ दे. त्या बाई वयानं माझ्या निम्म्या, पण अस्सल पुण्याच्या. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ऍलर्जीची गोळी रोज घेता ना? त्या दिवशीही घेतली होती?" घेतली होती. इतक्या वर्षांत रोज सकाळी चहाच्या आधी घेते, दात घासण्यासारखीच. "मग तुम्ही कुत्र्याची नाही, गोळीची परीक्षा घेऊन आलात. गोळी पास झाली, अभिनंदन."

त्यांनी समजावून सांगितलं ते तुम्हालाही सांगते. ऍलर्जी केसांची नसतेच. ती असते कातडीच्या कोंड्याची आणि लाळेची, आणि कोंडा आणि लाळ नाही असं कुत्रं अजून जन्मलेलं नाही. काही जातींचे केस कमी गळतात, म्हणून घरभर कमी पसरतं, इतकंच. बाकी एकाच जातीच्या दोन कुत्र्यांमध्येही फरक असतो. पिल्लू घेऊ नका, त्याचं पुढे काय होईल ते सांगता येत नाही, मोठं झालेलं बघा, म्हणाल्या. हे ऐकताना मला मंडई आठवली. सुट्टीच्या दिवशी तुम्ही मला आंबे घ्यायला न्यायचात. मी पाटीवरचं गाव मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि तुम्ही म्हणायचात, "आपण वाचायला आलोय का? हातात घे, वास घे, मग बोल." तुम्ही पेटीचं झाकण काढायला लावून तळातला आंबा मागायचात, विकणारा वैतागायचा आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता तोच स्वभाव माझ्यात पुरेपूर उतरला आहे, ह्यांना विचारा.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून काही दिवस गोळी बंद ठेवली, दम्याचा पंप पर्समध्ये घेतला आणि पुन्हा वाघोली. यावेळी पाट्यांकडे बघितलंही नाही. ज्या शित्झूच्या केसांत नाक खुपसलं होतं, त्यानं मला पाच मिनिटांत रडवलं. एका पूडलमुळे तर माझा घसाच धरला. मग कोपऱ्यातली ही आली. आधीच्या घरात बाळ झालं म्हणून परत आलेली. मी तिला चेहरा चाटू दिला, तिच्या अंगावर डोकं टेकवून बसले. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी गेले, त्याच्या पुढच्या आठवड्यात गेले. शेवटी ह्यांनी विचारलं, "कुत्री घ्यायची आहे की इथे नोकरीला लागायचंय?" पाळणाऱ्या बाई मात्र समजूतदार होत्या. म्हणाल्या, "महिनाभर घरी न्या. नाही जमलं तर आणून सोडा, तिला सवय आहे." ते शेवटचं ऐकलं आणि मी तिचा पट्टा हातात घेतला.

आता घरात शिस्त आहे. गालिचे गेले, जाड पडदे गेले, झोपायच्या खोलीत तिला प्रवेश नाही. तिला आंघोळ घालणं आणि विंचरणं ह्यांच्याकडे, आणि तेही गॅलरीत. गोळी पुन्हा रोज सुरू आहे. डॉक्टरांनी परवाच छाती तपासली, स्वच्छ आहे. महिना सरला आणि मी वाघोलीला फोन करून सांगितलं की ती आता येणार नाही. मी हे सगळं नीट विचार करून केलं आहे आणि ते निभावणार आहे, यात मला शंका नाही.

फक्त काल संध्याकाळी ती मांडीवर चढली आणि मला शिंका आल्या. लागोपाठ. बाहेरच्या खोलीतून ह्यांनी विचारलं, तर म्हटलं फोडणीचा ठसका लागला. गॅस पेटवलेलाही नव्हता. हे अजून कोणाला सांगितलेलं नाही, डॉक्टरांना उद्या सांगेन. तुम्हाला हे पत्र पोचायची सोय असती तरी मी ते टाकलं नसतं, कारण तुम्ही मिळेल त्या पहिल्या गाडीनं आला असतात आणि मी तिला नेऊ दिलं नसतं. पण खरं सांगते अण्णा, शिंकताना एक क्षण वाटलं होतं, तुम्ही यावंत.