संस्कृतीच्या लग्नातली नवी रीत

नांदूरघाट,
२० एप्रिल २०२५

चि. अमरसिंह यास सत्यशीलाअक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. तिथे व्यसनमुक्ती केंद्रात मोबाइल काढून घेतात, म्हणून तुझ्यापायी मी पुन्हा पत्र लिहायला शिकले. संस्कृतीचं लग्न अठरा मेला धरलंय. डॉक्टर दोन दिवस सोडतील ना? मामा पाठीशी उभा नसेल तर आपण बोहल्यावर चढणारच न्हाई, असं पोरीनं सांगून टाकलंय.

तुझ्या दाजींना एकच कोडं पडलंय. सरहद्दीवरच्या स्फोटात तुझा पाय जखमी झाला म्हणून दुखण्याच्या गोळ्या लागल्या, पाय बरा झाला तरी त्या सुटल्या नाहीत, इथवर त्यांना पटतं. पण गोळी सोडवायला पुन्हा गोळीच कावून, असं गावभर विचारत फिरतात. स्वतःची तंबाखू मात्र खिशात असते.

पोटभर जेवत जा, आणि उत्तराचा आळस करू नकोस.

तुझी अक्का

बीड,
२७ एप्रिल २०२५

ती. अक्कास अमरचा शि. सा. न. वि. वि.

दाजींना सांग, ही गोळी जिभेखाली ठेवायची, गिळायची नाही. तिनं तलफ दबते. ती विरघळेपर्यंत बोलायचं नाही, आणि माझ्यासारख्या बडबड्याला खरी शिक्षा हीच आहे.

डॉक्टर नसीमबाई म्हणतात, स्फोटाची भीती मनात तशीच राहिली तर तिच्यावर उतारा म्हणून मी पुन्हा जुनी गोळी शोधीन. म्हणून दोन्हींवर एकदम इलाज. आधी बोलतं करतात, मग ठरवून आवाज ऐकवतात. पहिल्यांदा टाळ्या, मग ताट पाडणं, आता फुगे. काल फुगा फुटला आणि मी खाटेखाली गेलो. तिथं ट्रकच्या अपघातातून वाचलेले फळवाले नबीभाई आधीच बसलेले. त्यांनी सरकून जागा दिली.

आता चेष्टा पुरे. अंतरपाट खाली आला की फटाक्यांची माळ लागते. सगळ्या पाहुण्यांदेखत मी घाबरलो तर लाजेनं पुन्हा त्या गोळ्यांकडेच जाईन, याची मला फार भीती वाटते. संस्कृतीच्या पाठीशी आपल्या धाकट्या भावाला, पप्पूला उभं कर.

दाजींना नमस्कार. माझ्यावर रागावू नकोस.

तुझा अमर

नांदूरघाट,
२६ मे २०२५

चि. अमर यास अक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पप्पूला उभं करायला संस्कृतीनं साफ नकार दिला आणि तुला यावंच लागलं, म्हणून आपली माळ मी गुपचूप बादलीत बुडवली होती. वऱ्हाडानं स्वतःची आणली असेल, हे मला काय माहीत? आवाज झाला आणि तू पोरीला कवेत घेऊन आडवा झालास. नवरदेवाला वाटलं, आपल्याकडची रीत असेल, म्हणून तोही आडवा. मग भटजी. मग व्याही, फेट्यासकट. उभे राहिले फक्त दाजी, कारण त्यांचे गुडघे वाकत नाहीत.

मग तू उठलास. तिचा शालू झटकलास आणि घामाघूम होऊन पुन्हा तिच्या पाठीशी उभा राहिलास. माळ संपेपर्यंत हलला नाहीस. संध्याकाळी माझ्याकडे औषध मागितलंस, तेही जिभेखालचंच. मी मोरीत जाऊन रडले, ते आज सांगते.

काल चौसाळ्याला त्रिंबकरावांच्या मुलीचं लग्न होतं. फटाके वाजले आणि नवरीचा मामा आडवा झाला. नांदूरघाटची नवी रीत हाय म्हणे. बघता बघता सगळा मांडव आडवा. माळ कधीच संपली, तरी सगळे तसेच पडून राहिलो. उठायचं कधी, ते कुणालाच माहीत नव्हतं.

तुझी फार आठवण आली. लवकर बरा होऊन ये, माया आहे तशीच राहू दे.

तुझी अक्का